मुनग्याच्या (शेवग्याच्या) पाल्याची पावडर करताय ना?

ताई, पहिलीच वेळ आहे तर पाला थोडाच घ्या. वाळून अगदी मूठभर उरतो, घाबरू नका.

पाला धुवून सुती कापडावर निथळू द्या, मग पंख्याखाली सावलीत पसरा. मी पहिल्यांदा मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकला होता. नागपूरचं ऊन ते! संध्याकाळपर्यंत कडब्यासारखा पिवळा पडला. रंग गेला की जीवनसत्त्व अ पण बरंच जातं. कूलरच्या खोलीत तर अजिबात नको, तिथली हवा दमट असते. दिवसातून दोनदा हात फिरवा. मुठीत चुरला की कुरकुर वाजला पाहिजे. जरा वाकला तरी थांबा, नाहीतर पावसाळ्यात गाठी धरून बुरशी येते. काड्या वेचून टाका, त्या मिक्सरमध्ये नीट बारीक होत नाहीत. मिक्सर थांबत थांबत फिरवा, भांडं गरम होतं. बारीक चाळणीने चाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणी अंधारात ठेवा.

सुरुवातीला अर्धा चमचा वरणात किंवा कणकेत घाला. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पाल्यात जीवनसत्त्व के भरपूर असतं. मुळी-साल मात्र यात घालू नका, कोणी कितीही सांगो.