बाजार, फळवणं आणि गाभणपण: घोडीला लस कधी द्यायची

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. मारवाडी घोडी आहे, दत्तजयंतीला सारंगखेड्याला प्रदर्शनात उतरवायची आहे, तिथून आली की फेब्रुवारीत चांगल्या वळूकडे न्यायची आहे. आणि दवाखान्यात तुम्हाला सांगितलं, "फळवायची असेल तर सुई नको, गाभण राहिली की तर अजिबात नको." हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच मला ऐकवलं गेलं होतं आणि त्यात माझं शिंगरू गेलं. मी डॉक्टर नाही, घोड्या पाळणारा माणूस आहे. कुठल्या कंपनीची लस, किती डोस, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवा, आणि तो डॉक्टर घोड्यांचं काम करणारा असू द्या.

माझ्या घोडीला नववा महिना लागला होता. विकत घेताना आधीच्या मालकाकडे लसीचा कागद नव्हता, म्हणून धनुर्वाताचे दोन डोस महिन्याच्या अंतराने व्यायच्या आधी बसवावेत असं ठरवून मी गेलो. समोरून उत्तर आलं, "जड गाभण जनावराला आम्ही टोचत नाही. गाभडली तर जबाबदारी कोणाची?" म्हटलं, जबाबदारी माझी, लिहून देतो. तर म्हणाले, रजिस्टरला गाई-म्हशींचा रकाना आहे, घोड्याचा नाही. दुसऱ्या एका ठिकाणी गेलो, तिथेही पहिल्यांनी नाही म्हटलंय म्हणून नाही. घोडी व्यवस्थित व्याली, शिंगरू उभं राहिलं, दूध प्यायलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते सडाला तोंड लावत होतं पण ओढत नव्हतं, दूध ओठांवरून गळत होतं. शेपटीचं मूळ ताठ, कान उभे ते उभेच, चारी पाय पसरून उभं. टाळी वाजवली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा सर्रकन अर्ध्या डोळ्यावर यायचा. हा पडदा ज्याने एकदा पाहिला त्याला धनुर्वात पुन्हा ओळखायला डॉक्टर लागत नाही. जंतू बेंबीतून गेले होते. सीरम दिलं, तबेला अंधारा केला, नळीने दूध पाजलं. वाचलं नाही.

त्या नकाराचं मूळ कुठे आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला समोरच्याशी नीट बोलता येईल. गोठ्यात ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाई गाभडवणाऱ्या रोगाची, जिवंत जंतूंची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, गाभण गाईला कधीच नाही. लाळ्या-खुरकुताच्या मोहिमेतही जड गाभण गाई-म्हशी टाळतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहे. पण तोच नियम डोळे झाकून घोडीला लावला की सगळं उलटं होतं. घोडीच्या वारेतून पोटातल्या शिंगराला प्रतिकारशक्ती जवळजवळ मिळतच नाही. ते जन्मतं तेव्हा त्याच्याकडे काहीच नसतं. जे मिळतं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. २४ तासांनी त्याच्या आतड्यातून ते आत शिरत नाही. म्हणून व्यायच्या ४ ते ६ आठवडे आधी घोडीला धनुर्वात आणि फ्लूचा बूस्टर देतात, म्हणजे चीक तयार होताना तिच्या रक्तात संरक्षण भरपूर असतं. ज्या महिन्यात आपल्याला परत पाठवतात, तोच महिना सगळ्यात मोलाचा असतो. टाळायच्या त्या जिवंत जंतूंच्या लसी, मृत जंतूंच्या नव्हे. दवाखान्यात बोलताना "लस द्या" असं मोघम म्हणू नका, "मृत जंतूंची, धनुर्वाताचा टॉक्सॉइड" असं नाव घेऊन बोला. टॉक्सॉइड म्हणजे जंतूचं विष निष्प्रभ करून बनवलेली लस.

आता तुमचं वेळापत्रक. दत्तजयंती डिसेंबरात येते, तिथून मागे मोजा. घोडीला आधी एकही लस दिलेली नसेल तर फ्लू आणि धनुर्वाताचा पहिला डोस सप्टेंबरअखेर, दुसरा चार आठवड्यांनी, आणि बाजाराला निघायच्या आधी किमान दोन आठवडे मोकळे. गाडीत चढवायच्या आदल्या दिवशी सुई मारून काही उपयोग नाही. अंग धरायला वेळ लागतो, शिवाय मान आखडते, अंगात कणकण येते आणि रिंगणात घोडी मंद दिसते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एफईआयचा, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, नियमच आहे की पोहोचण्याच्या आधीच्या ७ दिवसांत फ्लूची लस दिलेली चालत नाही, आणि शेवटचा डोस ६ महिने २१ दिवसांच्या आतला हवा. आपल्या बाजारांना हा नियम नाही, पण त्यामागची अक्कल उचलायला हरकत नाही. फ्लूची साथ आपल्याकडे १९८७ मध्ये येऊन गेली, पुन्हा २००८-०९ मध्ये आली. दुसऱ्या वेळी ती जम्मूकडच्या कटऱ्याहून पसरली, जिथे यात्रेकरूंना वर नेणारी घोडी-खेचरं एकत्र असतात. आपल्या यात्रेत त्याहून वेगळं काय असतं? एकाच हौदावर शंभर तोंडं.

फळवण्यापुरतं एवढंच: सगळ्या लसी वळूकडे नेण्याच्या महिनाभर आधी उरकलेल्या असाव्यात, आणि त्यानंतर पहिले दोन महिने शक्यतो सुई नको. तुमचं वेळापत्रक पाहता ते आपोआप जमतंय. रेबीजचंही याच काळात डॉक्टरांना विचारून घ्या, तबेल्याजवळ भटकी कुत्री असतील तर नक्कीच.

खरी मेख पुढच्या वर्षी आहे. घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा. फेब्रुवारीत फळली तर जानेवारीत व्यायची, म्हणजे पुढच्या दत्तजयंतीला ती दहाव्या महिन्यात असेल. तेव्हा कितीही मोह झाला, कोणी कितीही मोठा गिऱ्हाईक आणतो म्हणाला, तरी तिला बाजारात नेऊ नका. हर्पिस एक नावाचा विषाणू सर्दी-तापासारखा येतो आणि गाभण घोड्यांना शेवटच्या महिन्यांत गाभडवतो. २०२१ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियातल्या स्पर्धेत तो पसरला तेव्हा घोडे उभे राहीनासे झाले, युरोपभर १८ घोडे दगावले आणि अनेक देशांतल्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. याची मृत विषाणूंची लस गाभण घोडीला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. तुमच्या हिशेबात जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. मग डिसेंबरात धनुर्वात आणि फ्लूचा बूस्टर. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने अशी लस आपल्याकडे तयार केलेली आहे. डॉक्टरांकरवी आधीच चौकशी करून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नसतं. ही लस धोका कमी करते, शून्य करत नाही, आणि मज्जातंतूंवर जाणाऱ्या प्रकाराला तर भरवशाने अडवत नाही. म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: मिरवणारे घोडे आणि गाभण घोड्या एका छपराखाली ठेवूच नयेत. बाजारातून आलेला घोडा तीन आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि मोतद्दाराने गाभण घोडीचं काम आधी उरकून मग त्याच्याकडे जायचं. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टरांना फोन.

धनुर्वाताच्या टीटी आणि एटीएस या दोन सुयांत गल्लत होऊ देऊ नका, हे फार होतं. टीटी म्हणजे लस, ती अंगात संरक्षण तयार करायला वेळ घेते पण टिकते. एटीएस म्हणजे तयार सीरम, लगेच काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत संपतं. नुकत्याच व्यालेल्या घोडीला सवयीने एटीएस टोचणारे मी पाहिलेत. त्या सीरमनंतर काही आठवड्यांनी क्वचित घोड्यांचं यकृत एकदम निकामी होतं, आणि व्यालेल्या घोड्यांत हे जास्त नोंदलेलं आहे. लसीकरण झालेल्या घोडीला त्याची गरजच पडत नाही.

लस डॉक्टरांकडून तबेल्यापर्यंत तुम्हीच आणणार असाल तर थर्मासमध्ये बर्फावर थेट ठेवू नका, कागदात गुंडाळा. २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे; गोठली की वाया, मग नुसतं पाणी टोचल्यासारखं. प्रत्येक घोड्याला नवी सुई, यावर तडजोड नको, कारण सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग सुईवरून जातो आणि त्याला लस नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगालाही लस नाही. त्याची रक्ततपासणी होते आणि बाजाराला निगेटिव्ह दाखला मागतात तो त्याचा. लसीचा कागद दाखवून तिथे भागत नाही. नमुना वेळेत जाईल असं बघा. हा रोग माणसालाही होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याखाली पॉझिटिव्ह निघालेल्या जनावराला दयामरण द्यावं लागतं.

कागदाबद्दल. "घोडी सुदृढ आहे, लसीकरण झाले आहे" एवढं लिहिलेला दाखला घेऊ नका. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, सही, आणि घोडीची ओळख पटेल असं वर्णन त्यावर हवं: रंग, कपाळाचा टिळा, कुठल्या पायाला किती पांढरं, भोवरे कुठे. आपल्या बाजारात गिऱ्हाईक देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, खोड (अशुभ मानली जाणारी खूण) कुठली, हे तासभर चाचपून बघतो आणि लसीचा कागद मागत नाही, याचा मला मनापासून राग येतो. तेच भोवरे कागदावर उतरवून घ्या, म्हणजे एका घोडीचा दाखला दुसरीच्या नावावर खपत नाही.

शिंगराचं थोडक्यात. तासाभरात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार. यापेक्षा उशीर झाला तर वाट बघू नका. व्यायच्या आधीच घोडीच्या सडातून दूध ठिबकत असेल तर तो चीक वाया चाललाय, डॉक्टरांना तेव्हाच सांगा. बेंबीला क्लोरहेक्सिडिनचं पातळ द्रावण लावा, पहिले दोन-तीन दिवस रोज काही वेळा. शिंगराच्या स्वतःच्या लसी साधारण ४ ते ६ महिन्यांचं झाल्यावर सुरू होतात; आईकडून आलेलं संरक्षण असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही.

दवाखान्यात पुन्हा नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका. नकार लेखी मागा, आणि त्याच दिवशी जवळच्या स्टड फार्मवर किंवा रेसकोर्सवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर शोधा. ते लांबचे असले तरी गावातल्या चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून बोलावलं तर येतात, आणि एकाच दिवशी सगळ्यांची नोंद नीट होते.