मुलाच्या बॅगेत गांजाचं व्हेप पेन सापडलं, आता त्याच्या नोकरीचं काय?

हा प्रश्न परदेशातले आईबाबा फार घाबरून विचारतात, आणि घाबरणं साहजिकच आहे, कारण ते पेन, म्हणजे गांजाच्या अर्काची वाफ करून ओढायचं छोटं यंत्र, दिसतं अगदी पेन ड्राइव्हसारखं, वासही फारसा येत नाही, म्हणजे किती दिवस चाललंय काही कळतच नाही. पण आधी एक श्वास घ्या. एकदोनदा मित्रांबरोबर ओढलं म्हणून कोणाचं करिअर संपत नाही. खरी काळजी आहे ती लवकर सुरू करून वारंवार घेणाऱ्या मुलांची.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला १९७७ साली जन्मलेल्या १२६५ मुलांचा अभ्यास जन्मापासून चालू आहे. त्यात १४ ते २१ या वयात जे जास्त गांजा घेत होते त्यांच्यात पंचविशीला बेकारी जास्त, कमाई कमी, सरकारी भत्त्यावर जगणारेही जास्त निघाले. घरची परिस्थिती, आधीपासूनचे मानसिक त्रास वगैरे हिशोबात धरूनही हा संबंध राहिला. तरी सगळा दोष गांजाचाच असं म्हणता येत नाही, कारण जो मुलगा आधीच उदास आहे, शाळेत एकटा पडलाय, तोच तिकडे वळण्याची शक्यता जास्त असते.

माझ्या मते पालकांनी नोकरीची चिंता बाजूला ठेवून शाळेकडे बघावं, कारण नोकरीचं नुकसान बरंचसं तिथूनच सुरू होतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन मोठ्या अभ्यासांचा डेटा एकत्र करून २०१४ साली आलेल्या पेपरमध्ये १७ वर्षांच्या आधी रोज गांजा घेणाऱ्यांचे शाळा पूर्ण करण्याचे आणि डिग्री मिळवण्याचे ऑड्स (म्हणजे होण्याचं न होण्याशी प्रमाण) कधीच न घेणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त घटलेले दिसले. घरात हे कसं दिसतं? गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्यामुळे, म्हणजे टीएचसीमुळे, लक्ष आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवणं ढिलं पडतं, मग मॅथ्सचा एक चॅप्टर डोक्यावरून जातो, त्यावरचा पुढचा तर जातोच, सकाळचा पहिला तास बुडायला लागतो, टीममधून नाव निघतं, आणि सतराव्या वर्षी रेफरन्स लेटर कोणाकडे मागायचं तर एकही टीचर त्याला नीट ओळखत नाही. म्हणून मार्क आणि अटेंडन्स बघा, बॅग रोज तपासून काही होत नाही.

अमेरिकेत असाल तर अजून एक गोष्ट, आणि ही आपल्या लोकांना खरंच माहीत नसते. राज्यात लीगल असलं तरी फेडरल कायद्यात गांजा अजून नियंत्रित ड्रगच आहे, आणि ज्याच्याकडे सिटिझनशिप नाही त्याला व्हिसा, ग्रीन कार्ड, नॅचरलायझेशन (म्हणजे सिटिझनशिप मिळवणं) सगळीकडे हे नडू शकतं, अगदी केस झाली नसली तरी नुसत्या कबुलीनेसुद्धा. मूल अजून डिपेंडंट व्हिसावर असेल तर हे त्याला शांतपणे समजावून सांगा, आणि काही घडलंच असेल तर कुठलाही फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. फॉर्मवर खोटं मात्र लिहू नका, त्याने प्रकरण अजून चिघळतं. ट्रक ड्रायव्हर, पायलट अशा कामांना ड्रग टेस्ट असते, आणि नियमित घेणाऱ्याच्या युरिनमध्ये त्याचा अंश कित्येक आठवडे सापडू शकतो.

आता बोलायचं कसं. रात्री अकराला ओरडत नको, कारमध्ये बोला, तिथे डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत. "लोक काय म्हणतील" किंवा "आम्ही तुझ्यासाठी देश सोडून आलो" हे अजिबात काढू नका, पोर तिथेच गप्प होतं. "ओढतोस का" विचारण्यापेक्षा "कधी जास्त घ्यावंसं वाटतं रे तुला?" असं विचारा आणि मग स्वतः गप्प बसा. झोप येत नाही म्हणून, टेन्शन येतं म्हणून असं उत्तर आलं तर तुम्हाला खरा प्रॉब्लेम सापडला, त्यासाठी फॅमिली डॉक्टर किंवा स्कूल काउन्सेलर गाठा. रोज घेणारा अचानक बंद करतो तेव्हा साधारण पहिले एकदोन आठवडे झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, तेव्हा उद्धट झाला म्हणून त्याच्या अंगावर जाऊ नका, त्या दिवसांत त्याला तुमची सोबत लागते.