कामिकात्सूला पहिल्यांदा जाताय?

निवड झकास आहे. जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतातलं हे डोंगरातलं गाव. वस्ती दीड हजाराच्या आतच, त्यात निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे.

नवखे लोक तोकुशिमा शहरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं ठरवतात. तसं करू नका. गावाला रेल्वे नाही, बसही मोजक्याच. गाडी भाड्याने घ्या (आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या) आणि एक रात्र तरी राहा.

दुसरी चूक म्हणजे नुसतं कचरा केंद्र बघून परत फिरणं. ते बघाच. २००३ साली गावाने शून्य कचऱ्याची, म्हणजे कचरा जाळायचा किंवा पुरायचा नाही अशी घोषणा केली. कचरागाडी फिरत नाही. लोक स्वतः कचरा केंद्रावर आणतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत लावतात. डब्यांवरच्या पाट्या नीट वाचा: माल कुठे जातो, त्याचे किती येन मिळतात किंवा मोजावे लागतात, सगळं लिहिलेलं.

मला मात्र पानांचा धंदा जास्त भावतो. १९८१च्या कडाक्याच्या थंडीत संत्र्याच्या बागा गेल्या. १९८६पासून गावातल्या आज्या उपाहारगृहांत ताटं सजवायला मेपलची, पर्सिमनची पानं विकू लागल्या. म्हणून दोन पथ्यं पाळा:

- रस्त्याकडेचं सुंदर पान तोडू नका, तो कुणाचा तरी माल असतो.
- विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका.

आणि हो, इथला आंबवलेला आवा बांचा चहा प्या. किंचित आंबट लागेल; दूध-साखर मागू नका.