फोटो काढलाय, मग ओसीटी कशाला?

प्रश्न: माझ्या आईला 14 वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या वर्षी तिच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला होता. आता डॉक्टर ओसीटी करायला सांगताहेत. तिला नीट दिसतंय, मग हे कशाला? त्यात एक्स-रे असतात का? ती घाबरली आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर: आईंना आधी हे सांगा, की ओसीटीत (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) एक्स-रे अजिबात नसतात. असतो तो साधा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश, आणि यंत्र डोळ्याला टेकतही नाही. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघत राहायचं. काही सेकंदांत झालं.

फोटोत पडदा वरून दिसतो, शेत बांधावरून दिसावं तसा. ओसीटीत विहीर खणताना दिसतात तसे थर दिसतात. पडद्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर! मधुमेहात त्याच्या मध्यभागी पाणी साचून सूज येते. ती फोटोत सहज निसटते, ओसीटीत मात्र मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजता येते. नजर चांगली असतानाही ही सूज सुरू झालेली असू शकते, म्हणून तुमच्या डॉक्टरांचं मला पटतं.

हे तंत्र 1991 साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. मी शिकत होते तेव्हा ते आमच्याकडे पोचलं नव्हतं. पडदा बघून आम्ही वहीत रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायचो. रक्तवाहिन्या बघायच्या तर हाताच्या शिरेत फ्लुरेसिन या रंगाचं (डायचं) इंजेक्शन. अंग पिवळं दिसायचं, लघवी केशरी व्हायची, कुणाला मळमळायचं. एका आजींचा हात धरून मी उभी होते. 'डॉक्टर, उलटी होईल हो,' म्हणत त्यांनी माझा हात इतका घट्ट आवळला, की अजून आठवतं. आता ओसीटी अँजिओग्राफीत एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतात. त्यांत जे बदलतं ते वाहतं रक्त, त्यावरून वाहिन्यांचा नकाशा तयार होतो, सुई न टोचता. वाहिनीतून गळती कुठे होतेय हे शोधायला मात्र आजही डायच लागतो.

एक चूक करू नका. ओसीटी 'नॉर्मल' आला म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून होणारी तपासणी टाळू नका. स्कॅन बहुधा मधल्या भागाचाच असतो, पडद्याच्या कडा त्यात येत नाहीत. मागच्या वर्षीचा फोटो सोबत न्या. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, उजेडाचा त्रास होतो, तेव्हा आईंना एकटं पाठवू नका.