क्लीव्हलंडचा 1899 चा ऋतू, मोसम की हंगाम?

प्रश्न असा आहे: क्लीव्हलंड स्पायडर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या 1899 च्या सीझनवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘सीझन’ला ऋतू म्हणावं, मोसम की हंगाम? आणि सीझनपुरत्या खेळाडूला ‘हंगामी खेळाडू’ म्हटलं तर चालेल का?

ऋतू नको, हे आधी सांगून टाकतो. ऋतू आपला आपण येतो नि जातो. ‘ऋतू बुडाला’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. हंगाम मात्र साधावा लागतो. साधला नाही तर तो बुडतो, हातचा जातो. खेळाच्या सीझनचंही तसंच आहे.

मोसम चुकीचा नाही. वर्तमानपत्रांची क्रीडापानं तो सर्रास वापरतात. शब्द मूळचा अरबी. पण मोसमी वारे, आंब्याचा मोसम या वापरांमुळे मराठी कानाला त्यात हवा आणि बहर जास्त ऐकू येतो, राबणूक कमी.

हंगाम फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ नुसता वेळ, काळ. आपल्याकडे तो खरीप-रब्बीत गेला आणि मातीचा झाला. साखर कारखान्यात जाऊन पाहा. बॉयलर पेटवतात, मग गव्हाणीत उसाची मोळी टाकतात आणि गाळप हंगाम सुरू होतो. तिथून शेवटचा ऊस संपेपर्यंत पाळ्यांवर पाळ्या चालतात आणि अखेर किती टन गाळप झालं, उतारा किती पडला याचा हिशेब लागतो. सुरुवात, रोजची राबणूक, शेवटी हिशेब: एप्रिल ते ऑक्टोबर चालणारा बेसबॉलचा सीझन याहून वेगळा काय असतो? गंमत म्हणजे इंग्रजी ‘सीझन’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचाही अर्थ पेरणी.

आता स्पायडर्सकडे येऊ, कारण त्यांच्याइतका बुडालेला हंगाम दुसरा सापडणं कठीण. संघाचे मालक रॉबिसन बंधू. 1899 च्या सुरुवातीला त्यांनी सेंट लुईसचाही संघ घेतला आणि साय यंग, जेसी बर्केट यांच्यासारखे क्लीव्हलंडचे खंदे खेळाडू तिकडे हलवले. बियाणंच दुसऱ्याच्या रानात नेल्यावर इथे काय उगवणार? संघाने 154 सामन्यांत 20 जिंकले, 134 हरले. एकदा तर लागोपाठ 24 पराभव झाले. घरच्या 42 सामन्यांना मिळून जेमतेम 6 हजार प्रेक्षक आले. तिकिटांच्या वाट्यातून प्रवासखर्चही सुटेना, म्हणून इतर संघ क्लीव्हलंडला यायला तयार होईनात. मग स्पायडर्सनाच गावोगाव फिरावं लागलं. परगावी 112 सामने झाले, त्यांतले 101 हरले. वर्तमानपत्रं त्यांना भटके म्हणू लागली. या माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पेरणी दुसऱ्यांनी मोडली आणि नापिकी यांच्या नावावर लागली.

तुमच्या मजकुरात स्पायडर्स पहिल्या आलेल्या ब्रुकलिनच्या संघापेक्षा ‘84 सामने मागे’ असल्याचा उल्लेख येईलच. तसंच लिहिलं तर वाचकाला वाटेल की 84 सामने खेळायचे राहिलेत. ब्रुकलिनचे 101 विजय, 47 पराभव. विजयांतला फरक 81, पराभवांतला 87. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की 84. तेव्हा ‘84 सामन्यांच्या पिछाडीवर’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे हा हिशेब एका वाक्यात सांगून टाका.

राहिला ‘हंगामी’. इथे जपून. ‘हंगामी’ म्हणजे तात्पुरता, काम चालवण्यापुरता: हंगामी अध्यक्ष, कारखान्यातले हंगामी कामगार. पूर्ण सीझनसाठी करारबद्ध असलेल्याला ‘हंगामी’ म्हटलंत तर त्याची किंमत उगाच उतरते. त्याच्यासाठी ‘हंगामभराच्या करारावरचा खेळाडू’ म्हणा. सीझन तिकिटालाही ‘हंगामी तिकीट’ नको, ‘हंगामभराचं तिकीट’ बरं.

तुमच्या मजकुरात ‘हंगामी’ अगदी चपखल बसेल अशी जागा मात्र एक आहे. 15 ऑक्टोबर 1899, सिनसिनाटी, शेवटचा सामना. स्पायडर्सनी चेंडू फेकायला उभा केला तो एडी कोल्ब, हॉटेलात सिगार विकणारा पोरगा. सामना 19-3 ने गेला. तो हंगामी गोलंदाज, शब्दाच्या अस्सल मराठी अर्थाने. त्यानंतर लीगने, म्हणजे हे संघ जिच्यात खेळत त्या संघटनेने, बारापैकी चार संघ कमी केले, त्यांत स्पायडर्सही गेले. तेव्हा शीर्षक ‘क्लीव्हलंड स्पायडर्सचा बुडालेला हंगाम’ असं द्या.