नेपोलियन आणि पोप : वाचकांचे प्रश्न

नेपोलियन आणि कॅथलिक चर्च यांच्याविषयी पत्रे येतात ती वेगवेगळ्या गावांहून, पण गोंधळ तोच. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : राज्याभिषेकात नेपोलियनने पोपच्या हातून मुकुट हिसकावला ना?

नाही. २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पोप सातव्या पायस यांनी अभिषेक केला आणि मुकुट नेपोलियनने स्वतःच चढवला. हे आधीच ठरले होते. चित्रकार डाविदच्या राज्याभिषेकाच्या चित्राचा दाखला कृपया देऊ नका. त्यात नेपोलियन पत्नी जोसेफिनला मुकुट घालतो आहे, आणि समारंभाला न आलेली त्याची आईही त्यात ऐटीत बसली आहे!

प्रश्न : इजिप्तमध्ये त्याने धर्मांतर केले होते का?

नाही. १७९८ च्या जाहीरनाम्यातली इस्लामविषयीची गोड भाषा राजकारणाची होती.

प्रश्न : क्लासच्या नोट्समध्ये ‘कॉन्कॉर्डाटने धर्म आणि राज्य वेगळे केले’ असे आहे. परीक्षा तोंडावर आहे. हेच लिहू का?

अजिबात नको. हे वाक्य दर वर्षी नव्या मुखपृष्ठाखाली विकले जाते आणि मुले पैसे मोजून चूक पाठ करतात. फ्रान्समध्ये धर्म आणि राज्य वेगळे केले ते १७९५ च्या कायद्याने. कॉन्कॉर्डाट म्हणजे १५ जुलै १८०१ चा नेपोलियन आणि पोप यांच्यातला करार. त्याने ती फारकत उलट मोडीत काढली, आणि पुन्हा फारकत झाली ती थेट १९०५ मध्ये.

करारात काय होते? कॅथलिक धर्म हा बहुसंख्य फ्रेंच नागरिकांचा धर्म, एवढीच कबुली, राज्यधर्म नव्हे. क्रांतीत विकलेल्या चर्चच्या जमिनी परत मागायच्या नाहीत. बदल्यात बिशप आणि धर्मगुरूंना सरकारी पगार. बिशपची निवड सरकार करणार, धार्मिक अधिकार मात्र पोप देणार. पोपचे दूत कार्डिनल कोन्साल्वी आठवणींत सांगतात की, सहीसाठी पुढे केलेला मसुदा ठरल्यापेक्षा वेगळाच निघाला. सही करण्याआधी त्यांनी तो वाचला, म्हणून वाचले. तरीही १८०२ मध्ये नेपोलियनने करारासोबत स्वतःचे ७७ नियम जोडले. त्यातल्या पहिल्याच नियमाप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय पोपचे एकही पत्र फ्रान्समध्ये प्रसिद्ध करता येत नव्हते. या नियमांना रोमची संमती नव्हती. नोट्समध्ये करार आणि हे नियम एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

यांतला बिशपांचा मुद्दा सोडू नका. १८०९ मध्ये नेपोलियनने पोपचे राज्य खालसा केले. पोपने बहिष्काराचे फर्मान काढले. जुलैत सैनिकांनी पोपला उचलले आणि मग इटलीतल्या साव्होनाला कैदेत ठेवले. पण कैदेतला पोप नव्या बिशपांना अधिकारपत्रेच देईना. धर्मप्रांत रिकामे पडले आणि सम्राटाची पंचाईत झाली. कराराची मूळ कलमे अवघी १७ आहेत, एका बैठकीत वाचून होतात. ती वाचा, अडलात तर इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारा. ‘परीक्षेनंतर वाचू’ म्हणणारे परीक्षेनंतरही वाचत नाहीत.

प्रश्न (वसईहून) : नेपोलियनचा विवाह झटपट रद्द झाला. मग आमच्या अर्जाला इतका वेळ का?

ते उदाहरण घेऊ नका. जानेवारी १८१० मध्ये पॅरिसच्या चर्च न्यायालयाने निकाल दिला. कारणांत, राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी जोसेफिनशी लागलेल्या धार्मिक लग्नाला पॅरिशचे धर्मगुरू आणि साक्षीदार नव्हते, हे एक. पोप तेव्हा कैदेतच होते, निकाल त्यांचा नव्हता. त्यामुळे दुसऱ्या लग्नाला १३ कार्डिनल गेलेच नाहीत. नेपोलियनने त्यांची लाल वस्त्रे उतरवली आणि ते ‘काळे कार्डिनल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तुमच्या प्रकरणाचे मत मी देणार नाही. कागदपत्रे घेऊन धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाला भेटा, शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर थांबू नका.

प्रश्न : राज्याभिषेकाचे कांस्यपदक ऑनलाइन मिळते आहे. कडेवर मधमाशी आहे; विक्रेता म्हणतो, ती नेपोलियनचे चिन्ह, म्हणून पदक अस्सल १८०४ चे. घेऊ का?

मधमाशी त्याचे चिन्ह होते, हे खरे. पण पदकाच्या कडेवरची मधमाशी ही पॅरिसच्या टांकसाळीची खूण आहे आणि ती १८६० नंतरची. म्हणजे जुन्या साच्यावरून पुन्हा पाडलेली प्रत. धान्यफळांनी भरलेले शिंग दिसले तर ती १८८० नंतरची. प्रत म्हणून आवडली तर प्रतीच्या किमतीत घ्या. ‘आजच शेवटचा दिवस’ असे सांगत असेल तर आधी नाणकतज्ज्ञाला कड दाखवा, आणि तोपर्यंत एक पैसाही आगाऊ देऊ नका.