गोलातला ‘आर’, गोलातला ‘सी’: वाचकांच्या शंका

आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, नंबरही मिळाला. छापखानेवाल्यांनी पाकिटावर गोलातला ‘आर’ टाकून दिला. म्हणाले, सगळेच टाकतात. चालेल ना? (सांगली)

नाही चालणार, ताई. ‘सगळेच टाकतात’ हे मात्र दुर्दैवाने खरं आहे. गोलातला ‘आर’ छापणं म्हणजे ‘हे चिन्ह नोंदलेलं आहे’ असं जाहीर सांगणं, आणि तुमच्या हातात आहे ती फक्त अर्जाची पोच. अजून तपासणी व्हायची आहे, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. प्रमाणपत्र आलं की ‘आर’. तोवर खुशाल ‘टीएम’ (‘ट्रेडमार्क’चं लघुरूप) छापा, त्याला तर अर्जसुद्धा लागत नाही.

ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 107 प्रमाणे नोंदणी नसताना ती आहे असं भासवण्याला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने कैद गेली, आर्थिक दंड आला. आणि उद्या तुमची नक्कल करणाऱ्यावर तुम्ही दावा लावलात, तर त्याचा वकील आधी तुमचंच पाकीट न्यायाधीशांपुढे ठेवेल. उरलेल्या पाकिटांवर त्या जागी स्टिकर लावा.

पुढे कामाला येईल म्हणून सांगतो: नोंदणी वर्गवार असते. मसाले वर्ग 30 मध्ये, लोणची वर्ग 29 मध्ये. मसाल्याच्या नोंदणीवर लोणच्याच्या बरणीला ‘आर’ लावला तर तोही खोटाच.

अर्जाच्या स्टेटसमध्ये ‘व्हिएन्ना कोडिफिकेशन’ दिसतंय. आता परदेशात काही भरावं लागेल का? (नाशिक)

काहीही नाही. तुमच्या लोगोत चित्र असणार. चित्रांचं वर्गीकरण करायची ती एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, काम आपल्याच कार्यालयात होतं.

मी फेसबुकवर कविता टाकते. खाली कॉपीराइटचा गोलातला ‘सी’, नाव आणि साल लिहायचं राहिलं तर हक्क जातो का? दर जानेवारीत साल बदलायचं का? (ठाणे)

हक्क जात नाही. कविता कागदावर किंवा मोबाइलवर उतरली, की कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं तो टिकतो. चिन्ह नसलं तर हक्क बुडतो ही धास्ती मुळात अमेरिकेतली. तिथे 1 मार्च 1989 पूर्वी ही ‘सी’-नाव-सालाची ओळ न छापता पुस्तक काढलं तर खरोखरच हक्क गमावण्याची पाळी यायची. आपल्या 1957 च्या कायद्यात तशी अट नाही.

तरीही लिहाच. तुमची कविता कुणी नाव खोडून छापली, तर ‘कुणाची आहे ते ठाऊकच नव्हतं’ ही पळवाट कोर्टात नुकसानभरपाई कमी करायला वापरली जाते. खाली नाव-साल असेल तर ती लंगडी पडते. साल पहिल्या प्रसिद्धीचं, ते बदलायचं नाही. कवितेत भर घातलीत तर नव्या भागापुरतं नवं साल जोडा. आणि हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील तर नाव त्यांचं येतं, तुमचं नव्हे. सही करण्याआधी करारातली ती ओळ नीट वाचा, नंतर रडत येणारे बरेच पाहिलेत.

माझ्या पाककृतींच्या यूट्यूब चॅनेलच्या नावापुढे गोलातला ‘सी’ लावला आहे. कुणी पाककृती उचलली तर? (डोंबिवली)

नावापुढचा ‘सी’ काढा, तिथे ‘टीएम’ हवा. नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो. ‘देसी बॉइज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हेच सांगितलं. ‘सी’ ची जागा व्हिडिओच्या शेवटी किंवा वर्णनात.

पाककृतीचं मात्र अवघड आहे. दोन वाट्या भाजणी, चमचाभर ओवा, या प्रमाणावर कुणाचीच मालकी नसते. तुम्ही ती सांगता ते शब्द, तुमचे फोटो, तुमचं चित्रीकरण यांवर असते. तेव्हा शेजारणीने तुमच्या पद्धतीने थालीपीठ करून स्वतःचा व्हिडिओ टाकला तर तक्रार करू नका. तुमचाच व्हिडिओ उचलून टाकला तर लगेच करा.

लेखात कंपन्यांची नावं येतात. प्रत्येक वेळी ‘आर’ लावायचा का? (पणजी)

एकदाही नको. चिन्ह लावायचं की नाही हे मालकाने ठरवायचं. तुम्ही नाव अचूक लिहा, बस.